घरच्या वर्कशॉपसाठी परवडणारं लोखंड कसं मिळवायचं: मराठवाड्यातल्या नवशिक्यांसाठी

घरात छोटा लेथ आला, किंवा नुसतं ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन आलं, की बहुतेकांची पहिली फेरी भंगाराच्या दुकानात होते. पाच-सात किलो ‘कधीतरी कामाला येईल’ असं लोखंड गोणीत भरून येतं आणि त्यातलं निम्मं कोपऱ्यातच पडून राहतं. एक गज लेथवर धरला की हत्याराची धार जाते, दुसरा वाकडा निघतो, तिसऱ्याला ड्रिल लागतच नाही. भंगार वाईट नसतं. फक्त कुठलं काम भंगारावर भागतं आणि कुठलं नाही, हे ठरवूनच घराबाहेर पडायला हवं.

आधी यादी

ड्रॉइंग समोर घ्या आणि प्रत्येक भागापुढे चार गोष्टी लिहा: आकार (गोल, पट्टी, अँगल, चौकोनी पाईप, प्लेट), तयार माप, कच्चं माप आणि धातूची जात. नवशिक्याची चूक होते ती कच्च्या मापात. काळा, म्हणजे गरम रोल केलेला बार पूर्ण गोल नसतो आणि त्यावर खवल्याचा थर असतो. २५ मिमीचा तयार भाग हवा असेल तर २८ मिमीचा बार घ्या. ब्राइट बार, म्हणजे थंड ओढून चकचकीत केलेला, मापाला नेमका असतो, बाहेरचा पृष्ठभाग तसाच ठेवायचा असेल तर २५ ला २५ च चालतो. लांबीत प्रत्येक तोंडाला १ ते २ मिमी, करवतीच्या प्रत्येक कापाला ३ मिमी, आणि बार लेथच्या चकात (पकडीत) धरून शेवटी पार्टिंग करायचं, म्हणजे तयार भाग बारपासून कापून वेगळा करायचा असेल तर धरायला २५ ते ३० मिमी जास्त धरा.

तालुक्याच्या ठिकाणी दुकानदार अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. ‘चार सुती’ कागदावर १२.७ मिमी होतो, पण हातात येतो तो १२ मिमीचा. बेअरिंग किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) बसवायचा असेल तर हा पाऊण मिलिमीटर सगळं काम बिघडवतो. मिमीत मागा आणि व्हर्नियर खिशात ठेवा. पत्र्याचं गेजही असंच: २० गेज ०.९, १८ गेज १.२, १६ गेज १.६, १४ गेज २ मिमी. पत्रा कडेला मोजू नका, तिथे कातरीने उठलेली धारदार कड (बर) असते. इंचभर आत मोजा.

वजन स्वतः काढा

लोखंड किलोवर विकलं जातं, म्हणून ही तीन सूत्रं पाठ हवीत. गोल बारचं मीटरला वजन म्हणजे व्यास × व्यास ÷ १६२ (व्यास मिमीत, उत्तर किलोत). पट्टीचं वजन रुंदी × जाडी × ०.००७८५. प्लेटचं चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो. २५ मिमी गोल बार मीटरला ३.८६ किलो, १२ मिमी ०.८९ किलो, ४० × ६ ची पट्टी १.८८ किलो, आणि ८ × ४ फुटांचा २ मिमी पत्रा साधारण ४७ किलो भरतो. त्याच मापाचं ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पितळ लोखंडापेक्षा आठ टक्के जड.

आता एक हिशेब. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या स्टीलची २५ मिमी जाड, १०० मिमी लांब पिन करायची आहे. वजन ०.३८६ किलो. हिशेबापुरता नव्या बारचा भाव किलोला ९० आणि भंगाराचा ५० रुपये धरू. नवा तुकडा ३५ रुपयांना, भंगारातला १९ ला. वाचले १६ रुपये, आणि त्यासाठी अनोळखी धातूवर लेथच्या हत्याराची एक टिप मोडली तर ती त्याहून महाग. उलट वेल्डिंगच्या टेबलावर ठोकाठोकीसाठी २०० × २०० × ४० मिमीचा ठोकळा हवा असेल तर तो साडेबारा किलो भरतो, त्यात जात कुठलीही चालते आणि ५०० रुपये वाचतात. लहान, नेमके, फिरणारे भाग ओळखीच्या नव्या धातूचे. जड, ओबडधोबड, उभे राहणारे भाग भंगाराचे. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘नवा’ की ‘भंगार’ हे इथेच लिहून टाका.

कोणती जात कशाला

दुकानात एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ लोखंड) म्हणून मिळतं ते बहुतेक आयएस २०६२ जातीचं. वेल्डिंग उत्तम होतं, फ्रेम, स्टँड, ब्रॅकेट सगळं त्याचं करा. लेथवर मात्र चिवट जातं, पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो. लेथवर शिकायला ईएन-१ए सारखा दुसरा बार नाही. चिप (निघणारा कीस) तुटून पडते, फिनिश पहिल्याच दिवशी चकचकीत. पण त्यात गंधक मुद्दाम घातलेलं असतं म्हणून वेल्डिंग करू नका, सांधा तडकतो. शाफ्ट, पिन, हँडलचे दांडे यांना ईएन-८. त्याला वेल्डिंग लागणारच असेल तर आधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर सांध्याला लागूनच बारीक चीर जाते.

ब्राइट बारचा एक स्वभाव लक्षात ठेवा. तो थंड ओढून केलेला असल्याने आत ताण असतो. एका बाजूने लांब कीवे (चावी बसवायची खाच) कापला की बार केळीसारखा वाकतो. कीवे असलेल्या लांब शाफ्टला काळा बार घेऊन सगळीकडून टर्निंग करणं बरं.

आणि टीएमटी सळई. जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट आणि सळई करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल भरपूर, त्यामुळे ‘जालन्याला लोखंड स्वस्त’ असा समज पक्का आहे. तिथे स्वस्त मिळते ती बांधकामाची सळई. तिचं बाहेरचं कवच पाण्याच्या झोताने कडक केलेलं आणि गाभा मऊ असतो. लेथवर घेतली तर आधी रिब्स (वरच्या उठावदार रेघा) हत्याराला ठोके देतात, मग कडक थर लागतो, मग अचानक मऊ. हुक, कुंपणाचे खुंटे, शेगडीची जाळी एवढ्यालाच ठेवा.

कुठे जायचं

नव्या मालासाठी जिल्ह्याच्या गावातलं लोखंडाचं घाऊक दुकान. अँगल, पट्टी, पाईप साधारण ६ मीटरच्या लांबीत येतात. ‘पूर्ण लांबीच घ्यावी लागेल’ हे उत्तर ठरलेलं असतं. तेव्हा आत बोट दाखवून विचारा, “कटपीस आहेत का?” गिऱ्हाइकाने चार मीटर नेल्यावर उरलेले दीड-दोन मीटरचे तुकडे भिंतीला उभे असतात आणि मालकाला ते नकोसे झालेले असतात. भाव विचारताना जीएसटी धरून की वेगळा, तेही विचारा; १८ टक्क्यांचा फरक छोटा नाही.

ईएन-८, ईएन-१ए, पितळी बार बांधकामाच्या दुकानात मिळत नाहीत. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींना माल पुरवणारी ब्राइट बार आणि ॲलॉय स्टीलची दुकानं. ती बँडसॉवर हव्या लांबीचा तुकडा कापून देतात, कापायचे पैसे वेगळे. परभणी, हिंगोली, धाराशिवहून येणाऱ्यांनी तीन-चार महिन्यांची यादी एकत्र करून एकच फेरी मारावी. तुकडे एक मीटरच्या आत कापून घेतले तर गोणीत भरून एसटीने आणता येतात. सहा मीटरचा बार एसटीत चढत नाही.

नवशिक्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे लेझर कटिंगचं वर्कशॉप. मोठ्या प्लेटमधून भाग कापल्यावर उरलेले सपाट तुकडे २ मिमीपासून १२ मिमीपर्यंत जाडीचे असतात, जात माहीत असते, गंजलेले नसतात. कापणाऱ्या मुलाला विचारून उपयोग नाही, उरलेला माल बहुतेक ठिकाणी भंगाराच्या ठेकेदाराला आधीच ठरवून दिलेला असतो. मालकाला गाठा, कागदावर काढलेलं काम दाखवा, भंगाराच्या भावापेक्षा चार रुपये जास्त द्यायची तयारी सांगा. एखादं छोटं काम त्यांच्याकडूनच कापून घेतलं तर पुढच्या वेळी ते स्वतःच तुकडे बाजूला ठेवतात. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) वर्कशॉपमध्येही असंच: बार संपत आला की मशीनला न धरता येणारा वीतभर शेवट उरतो. घरच्या लेथला वीतभर म्हणजे चैन.

आता मराठवाड्याची खास खाण. आपल्याकडे बोअर खोल आणि सबमर्सिबल पंप पावलोपावली, म्हणून प्रत्येक तालुक्यात मोटार रिवाइंडिंगची आणि पंप दुरुस्तीची चार दुकानं असतात. तिथे कोपऱ्यात जुने पंप शाफ्ट पडलेले असतात. ते सहसा चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसचे, मापाला नेमके. शाफ्ट टाकून का दिला ते आधी बघा: बुशच्या जागी वाळूने घासून चर पडली असेल तर बाकीची लांबी चांगली आहे, पण वाकला म्हणून काढला असेल तर नको. फरशीच्या सपाट तुकड्यावर लोळवून पाहा, मधे उजेड दिसला की परत ठेवा. त्याच दुकानात गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) झिजलेले बुश आणि बिडाचे भाग मिळतात. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्ह्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

ट्रॅक्टर आणि ट्रकच्या गॅरेजमधून कमानपाटे, बेअरिंगच्या रिंगा, हायड्रॉलिक सिलिंडरचे दांडे, ब्रेक ड्रम मिळतात. यातलं प्रत्येक सोनं आहे आणि प्रत्येकाला एक खोड आहे.

कमानपाटा स्प्रिंग स्टीलचा असतो. छिन्नी, स्क्रॅपर, चाकू, विळे यांना उत्तम, पण आहे तसा ड्रिल लागत नाही. चुंबक चिकटायचा थांबेपर्यंत तापवा, त्यावर थोडा आणखी, आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवा. चुलीची राख चालते, पावसाळ्यातली दमट राख चालत नाही. ती पट्टीला ठिकठिकाणी लवकर थंड करते आणि ड्रिल तिथेच अडतं. पाटा मधल्या बोल्टच्या भोकाजवळून घेऊ नका, थकव्याच्या चिरा तिथे पडतात. शंका असेल तर पट्टी घासून डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडी पुसा, वर पांढरा खडू घासा. चीर असेल तर खडूवर काळी रेघ उमटते.

सिलिंडरच्या दांड्यावर हार्ड क्रोमचा पातळ थर असतो. हॅक्सॉ त्यावर नुसता घसरतो. आधी ग्राइंडरने थर कापा, मग आतल्या धातूवर कानस चालवून बघा. कानस धरली तर आत ईएन-८ सारखं मध्यम स्टील आहे. तिथेही घसरली तर दांडा कडक केलेला आहे, सोडून द्या. ब्रेक ड्रमचं बीड लेथच्या फेसप्लेटला, वजनाला, बेसला फार छान; पहिला काप दीड-दोन मिमी खोल घ्या, नाहीतर वरची कडक साल हत्यार खाते. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा; जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

भंगाराच्या ढिगासमोर

बरोबर न्यायचं: चुंबक, छोटी कानस, व्हर्नियर, हातमोजे, जाड तळाचे बूट, आणि जमल्यास मीटरची पट्टी. माल कोणत्या दिवशी ट्रकमध्ये भरून जातो ते विचारून ठेवा. आदल्या दिवशी ढीग सगळ्यात मोठा असतो.

पहिलं काम चुंबकाचं. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, जस्त किंवा ३०४-२०२ जातीचं स्टेनलेस. ३०४ आणि २०२ मधला फरक चुंबकाने कळत नाही, ‘३०४ आहे’ म्हणून जास्त भाव सांगितला तर २०२ चाच भाव द्या. क्रोम चढवलेला नळ पितळेचा की जस्ताचा ते कानशीने कळतं: पितळ आत पिवळं, जस्त पांढरट आणि हाताला हलकं.

चुंबक चिकटला तर कानस. सहज चावली तर मऊ. कचकचत चालली तर मध्यम. काचेवर घसरल्यासारखी गेली तर कडक, तिथेच ठेवा.

घरी आल्यावर ठिणग्या बघा. ग्राइंडरच्या दगडाला तुकडा हलकेच लावायचा, अंधाऱ्या कोपऱ्यात, चष्मा घालून. साधं एमएस लांब पिवळसर रेघा सोडतं, फुलं जवळजवळ नाहीत. कार्बन वाढला की रेघ आखूड होते आणि दगडाजवळच फुलबाजीसारखी दाट फुलं फुटतात. पाट्याच्या आणि बेअरिंगच्या तुकड्यात हे लगेच दिसतं. बीड आखूड, लालसर ठिणगी देतं. स्टेनलेसची आखूड, केशरी, जवळजवळ फुलं नसलेली. ओळखीचा ईएन-८ चा एक आणि एमएसचा एक तुकडा ग्राइंडरजवळ टांगून ठेवा आणि दर वेळी शेजारी लावून तुलना करा. ॲल्युमिनियम या दगडाला लावायचं नाही. दगडाची छिद्रं भरतात, आणि लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या भुकटीचं मिश्रण पेट घेऊ शकतं.

गॅस कटरने कापलेली कड ओळखायला शिका: वितळलेले थेंब, खालच्या बाजूला खडबडीत मळी. ती कड तापून एकदम थंड झालेली असते, जास्त कार्बनच्या स्टीलमध्ये काचेइतकी कडक. तिथे ड्रिल लावण्याआधी ग्राइंडरने ३ मिमी काढून टाका.

घासाघीस वजनावर नव्हे, भावावर करा, आणि तीही सगळा माल काट्यावर ठेवल्यावर एकदाच. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ वेगवेगळं तोलून घ्या. घरी काढलेल्या वजनाशी काट्याचं वजन पडताळा. २५ मिमीचा अर्धा मीटर बार १.९ किलोपेक्षा फार वेगळा भरत असेल तर एक तर काटा चुकतोय किंवा तो बार नाही, पाईप आहे.

जे घ्यायचं नाही

रेल्वेचा रूळ, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), क्लिप. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा सगळ्यांनाच हवा असतो, पण चोरीच्या रेल्वे मालाचा ताबा हा १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्याखाली गुन्हा आहे आणि ‘भंगारातून घेतला’ हे उत्तर पुरत नाही. त्याऐवजी जाड शाफ्टचा उभा तुकडा किंवा ४०-५० मिमीची प्लेट लाकडाच्या ओंडक्यावर बसवा. विजेच्या तारा, खांबाचे अँगल, गटाराची झाकणंही तशीच. शॉक ॲब्सॉर्बर आणि गॅसची टाकी कापू नका, आत दाब असतो. तेलाचं, रंगाचं किंवा औषधाचं बंद पिंप ग्राइंडरने उघडू नका, उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. आणि जीआय, म्हणजे जस्ताचा थर चढवलेला पाईप: फ्रेमला स्वस्त वाटतो, पण वेल्डिंगमध्ये जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी-ताप भरतो. घेतलाच तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन इंच जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा.

दुकानातच कापून घ्या: एक उदाहरण

१२०० × ६०० मिमी, ८५० उंचीचं वर्कबेंच ४० × ४० × ५ च्या अँगलमध्ये. वरची आणि खालची चौकट मिळून १२०० चे चार आणि ६०० चे चार तुकडे, पाय ८५० चे चार, एकूण १०.६ मीटर. सहा मीटरच्या दोन लांब्या, मीटरला ३ किलो म्हणजे ३६ किलो. पहिली लांबी २४१०, २४१० आणि उरलेली. दुसरी २५७०, १८२० आणि उरलेली. पहिल्यातून १२०० चे चार आणि एक पाय, दुसरीतून तीन पाय आणि ६०० चे चार निघतात, वर मीटरभर उरतो. चार काप दुकानात, बाकी घरी. सगळं रिक्षात मावतं. हा हिशेब कागदावर लिहून न्या, दुकानात उभं राहून करू नका; तिथे हमखास दोन पाय आखूड होतात.

घरी आल्यावर

प्रत्येक तुकड्याच्या एकाच टोकाला ऑइल पेंटचा पट्टा: ईएन-८ एक रंग, ईएन-१ए दुसरा, अनोळखी तिसरा. दुकानदारांचे रंग दुकानागणिक वेगळे असतात, म्हणून आपलेच ठेवा आणि भिंतीवर लिहून लावा. कापताना नेहमी रंग नसलेल्या टोकाकडून कापा. बार उभे ठेवा, जमिनीला टेकू न देता लाकडाच्या फळीवर. उन्हाळ्यात आपल्या कोरड्या हवेत लोखंड महिनोन्महिने टिकतं, पण जूनच्या पहिल्या दमट रात्रीनंतर ब्राइट बारवर तांबूस डाग येतात. मे संपायच्या आत वापरलेल्या इंजिन ऑइलचा बोळा सगळ्यांवर फिरवा. स्टेनलेस लोखंडाला टेकवून ठेवू नका.

चाळीस मिमीपेक्षा लहान उरलेले तुकडे आणि चिप्स तीन डब्यांत जमवा: लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ. पुढच्या फेरीत तेच भंगारात द्या. पितळात लोखंडाची चिप मिसळली की सगळा डबा पडत्या भावात जातो, म्हणून पितळ कापण्याआधी लेथचा ट्रे झाडून घ्या.